भाऊसो तात्यांचा एकच प्रश्न

बोलायला सुरुवात कशी करावी, हे आमच्या वाळवा तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. खांद्यावर फावडं घेऊन शेताकडं निघालेल्या माणसालाही "काय, कुठं निघाला?" असं विचारायचं असतं. एसटीत शेजारी बसलेल्याला गाव विचारायचं, मग पाहुणे विचारायचे आणि नातं सापडेपर्यंत त्याला सोडायचं नाही. भाऊसो तात्यांना मात्र यातलं काहीच जमलं नाही. समोर कुणीही येवो, तात्यांचा प्रश्न एकच. "तोड आली का?" म्हणजे कारखान्याची टोळी तुमचा ऊस तोडायला आली का.

भाच्याच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी नवरदेवाला हेच विचारलं. मिरजेला हर्नियाच्या ऑपरेशनला नेलं, तर टेबलावर आडवं पडून डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, मला ऊसच नाही. तेव्हापासून तात्यांना त्या डॉक्टरची फार कीव येते. त्यांची बायको आक्काताई चारचौघांत त्यांच्यापासून दोन हात लांब बसते, यात तिचं काही चुकत नाही.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात माझ्या चुलतबहिणीचा, अंजनाचा नवरा मोटर चालू करताना शॉक बसून गेला. तिला कराड तालुक्यात दिली होती. तीस वर्षांची बाई, पदरात दोन पोरी. भेटायला येणाऱ्यांना कसं झालं तेवढं सांगायची आणि परत भिंतीला डोकं टेकून गप्प. भाकरीचा तुकडा तोंडात घालत नाही, असा निरोप आला. तिला बोलती केली पाहिजे म्हणून नवव्या दिवशी माहेरची एक जीप काढली. तात्या भावकीतले वडीलधारे, त्यांना टाळता येईना.

मी हायस्कुलात मास्तर. जीपमध्ये तात्यांची शिकवणी घेणं मला भागच होतं.

"आधी पाच मिनिटं गप बसायचं," मी म्हणालो. "मग सुस्कारा. मग 'वाईट झालं' म्हणायचं. मग, 'कसं काय झालं?'"

"आन् उसाचं?"

"उसाचं नाव काढायचं नाही."

कृष्णेचा पूल येईपर्यंत तात्या पुटपुटत पाठ करत होते.

गेलो. बायकांनी दारातच गळा काढला. अंजनाचा दीर, लालासाहेब, पांढरी टोपी घालून सोप्यात बसला होता. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं. पाच मिनिटं झाल्यावर मी शास्त्रशुद्ध सुस्कारा सोडला आणि विचारलं, "कसं काय झालं गं?" मी मातीला होतो. मला सगळं माहीत होतं. पण सुरुवात तिथूनच करायची असते.

अंजनानं सांगितलं. सकाळी चहा घेतला, मोटर चालू करतो म्हणाले, पायात चप्पल नव्हती. पोरांनी पाढे म्हणावेत तसं एका सुरात म्हणून तिनं परत भिंतीला डोकं टेकलं.

मग तात्यांची पाळी आली. तात्या उघड्या दारातून परड्याच्या पलीकडं बघत होते. मी खाकरलो. त्यांनी सुस्काराही सोडला. आणि म्हणाले, "पोरी, उसाला तुरा आलाय की गं. तोड आली का?"

आक्काताईनं त्यांना चिमटा काढला. मी जमिनीकडं बघितलं.

अंजनानं मान वर केली. "न्हाई आली, तात्या."

"आडसाली हाय न्हवं?"

"व्हय. अठरा म्हयनं कवाच भरलं."

"मग चिटबॉय काय म्हणतोय?" चिटबॉय म्हणजे कुणाच्या नावावर किती ऊस ते नोंदवून तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस.

ती सावरून बसली. "परवा मागल्या दारानं येऊन सांगून गेला. म्हणला, ह्यांच्या नावची उसाची नोंद काढून भावजींच्या नावावर लावलीया. तिसऱ्या दिवशीच. म्हंजी बिल बी त्येंच्याच हातात."

लालासाहेबानं टोपी काढून परत घातली. "वैनी, ही काय येळ हाय का असलं बोलायची?"

"कुणी इचारलंच न्हवतं, भावजी," अंजना म्हणाली.

"मी इचारलं की," तात्या म्हणाले. "गेल्या सालच्या पावत्या हायत का? आन बघू."

ती उठली. ट्रंकेतनं पावत्या काढल्या, सातबारा काढला. अर्धा तास तात्या विचारत होते आणि ती सांगत होती. कुठल्या वाफ्यात खोडवा आहे, पाणी कधी पाजलं, बांध कुठवर आहे. सोमवारी दोघांनी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जायचं ठरलं. लालासाहेब मध्ये दोनदा बोलायला गेला, पण त्याला सुरुवात सुचली नाही.

मग थोरल्या पोरीनं आणून ठेवलेली भाकरी अंजनानं पावत्या चाळता चाळताच खाल्ली. आक्काताई डोळे पुसत होती. नऊ दिवसांत त्या घरात पन्नास-साठ माणसं येऊन बसून गेली होती, आणि सगळी बोलायची रीत जाणणारी होती. मी तर तिचा भाऊ. मी दोनदा आलो, आणि दोन्ही वेळा गेलेल्या माणसाची चौकशी करून उठलो.