नंदाचा शेला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आज सांगतेय ते मन हलकं करायला नाही — हलकं व्हायचा मला हक्क काय?

कांदिवलीच्या एका लाँड्रीत मी बारा वर्षं डाग काढायचं काम केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या कपड्यावर काही सांडलं की एकच — ‘वैशूला दे, वैशू काढते.’ काय माजले होते मी त्या एका वाक्यावर!

नंदा माझी धाकटी जाऊ. तिची आई तिच्या लग्नाआधीच गेली. मागे राहिला आईचा एक रेशमी शेला, मोतिया रंगाचा. घरच्या सत्यनारायणाला तो खांद्यावर घेऊन ती चौरंगाला केळीचे खुंट बांधत होती, आणि चीक ठिबकला. तिने शेला लगेच बादलीतल्या थंड पाण्यात बुडवला. बरोबर तेच केलं होतं तिने! मग माझ्याकडे दिला, विश्वासाने.

मी काय केलं? दोन दिवस तसाच टाकून ठेवला. डाग काळपट झाला. व्हिनेगर लावलं, हलेना. नणंद हसत म्हणाली, “काय गं, तुझ्याकडूनही जात नाही?” — बस, डोकं फिरलं. मी ब्लीच ओतलं. रेशमाला ब्लीच लावू नये हे मला माहीत नव्हतं? लाँड्रीत नव्या बायकांना मीच ओरडून सांगायचे! बोटांखाली रेशीम पिवळं पडलं, गिळगिळीत झालं, आणि तळहाताएवढं भोक पडलं.

सासूबाईंनी विचारलं तर मी उलट चढले. “मी काय करू? हिने आधीच काहीतरी ओतलं होतं त्याच्यावर.”

नंदा हळूच म्हणाली, “मी नुसतं पाणी घातलं, ताई... की बादलीत आधीचं काही होतं?”

ती स्वतःच स्वतःची चूक शोधत होती. आणि मी म्हणाले, “असेल.”

“आवशीची एक वस्तू सांभाळूक जमली नाय गो तुका?” सासूबाई तिला म्हणाल्या. नंदा रडली नाही, भांडली नाही. आणि मला राग कुणाचा आला? तिचा! भांडत का नाही ही? मला खोटी का पाडत नाही?

संध्याकाळी तीच माझ्याकडे आली. “ताई, उगाच त्रास झाला ना माझ्यामुळे.” मी तिला चहा दिला. लाज कशी वाटली नाही मला?

गेल्या वर्षी तिच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलीची रेशमी ओढणी नंदाने माझ्या हातात दिली. “घडी तुम्हीच घाला, ताई. माझ्या हाताचं काही खरं नाही.”

इतकी वर्षं ती हे मानून जगतेय — मी तिच्या डोक्यात घातलेलं.

तिच्या हातांत काहीही खोट नव्हती. ब्लीच मी ओतलं. खोटं मी बोलले. आणि त्या दिवशीही, ती समोर उभी असताना, मी गुपचूप ओढणीची घडी घातली.