सोळा नंबरचा गोलकीपर

ज्या वर्षी काही घडत नाही ना, त्या वर्षाचे किस्से जास्त साठतात. आमच्या कॉलेजचा फुटबॉल क्लबच घ्या. ज्या पोरांनी पूर्वी ओळीने मॅचेस खेळल्या, त्यांना विचारा काय आठवतं. "ग्रँड होतं," म्हणतील आणि गप्प बसतील. आणि आम्ही, ज्यांनी वीस-एकवीसचं अख्खं वर्ष एका मॅचची वाट बघण्यात घालवलं, आम्हाला चहाचा दुसरा कप द्या आणि मग थांबवून दाखवा.

तेव्हा मी वॉटरफोर्डपासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या आयरिश कॉलेजात एमएस्सी करत होते. संकेत माझ्याच वर्गात होता. मी पुण्याची, तो नागपूरचा. ब्रीडा नावाच्या आजीबाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. ब्रीडा खाली राहायची. आम्हा दोघांनाही तिथल्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

* * *

आमची भरती झाली ती चुकून. सप्टेंबरात कॉलेजातल्या सगळ्या क्लबांची ओळख झूमवर करून देत होते. मला जायचं होतं बेकिंग सोसायटीत. भलत्याच खोलीवर क्लिक केलं आणि समोर आलं एक कपाळ. कपाळाच्या वर छत आणि छताला दिवा. बाकीचा माणूस स्क्रीनच्या खाली कुठेतरी होता.

तो मॉसी. क्लबचा अध्यक्ष, गणिताचा निवृत्त मास्तर, वय बहात्तर. खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण तिथे सगळे नावानेच हाक मारतात, म्हणून मीही.

"तुला टाइप करता येतं का?" मॉसीने विचारलं.

"येतं," मी म्हटलं.

"मग तू पीआरओ. आणि सेक्रेटरीसुद्धा."

निवडणूक संपली. तेवढ्यात संकेत माझ्या मागून चहाचे कप घेऊन गेला. कपाळ जरा पुढे सरकलं. "तो मागचा मुलगा किती उंच आहे?"

"सहा फूट एक इंच."

"झालं. गोलकीपर मिळाला." खेळता येतं का, हे कोणी विचारलं नाही.

मॉसीने त्याचं पूर्ण नाव मागितलं. इथे मी जी चूक केली, ती दहावीचा फॉर्म भरलेला मराठी माणूसच करू शकतो. हजेरीपटाच्या चालीवर मी सांगून टाकलं: देशमुख संकेत विजयराव. आधी आडनाव, मग आपलं नाव, शेवटी वडिलांचं. मॉसीने एका बोटाने ते टाइप केलं. त्याच्या दृष्टीने जे शेवटी, ते आडनाव. तिथली पोरं एकमेकांना आडनावाचा तुकडा पाडून हाक मारतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत संकेतचा "विजय" झाला होता.

"यार मृणाल, हे लोक मला माझ्या बाबांच्या नावानं बोलावून राहिले," संकेत म्हणाला.

"उद्या दुरुस्त करते."

"राहू दे. पहिल्या मॅचच्या वेळेस करू."

मग आला लॉकडाऊन. मॅच काही होईना आणि दुरुस्ती तशीच राहिली.

* * *

हा खेळ काय आहे ते माझ्या आईला फोनवर समजावताना माझी दमछाक झाली. बॉल हातात घेतलेला चालतो. चार पावलं धावलं की तो आपटायचा किंवा पायावर उडवून परत घ्यायचा. गोलपोस्टच्या आडव्या दांड्याखालून गेला तर तीन पॉइंट, वरून गेला तर एक.

"वरून गेला तरी पॉइंट?" आई म्हणाली.

"हो."

"म्हणजे नेम चुकला तरी मार्क. बरं आहे हो त्या मुलांचं. पण हातात घेतात, तर मग फुटबॉल का म्हणतात?"

मी हा प्रश्न क्लबच्या मीटिंगमध्ये मांडला.  मॉसी म्हणाला, "दुसरं काय म्हणणार?" कॅप्टनने अनुमोदन दिलं आणि मी ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

* * *

आता संकेतच्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात खरा जीव कोणाचा अडकला होता तर त्या बापलेकांचा.

विजयराव देशमुख नागपुरात एका शाळेत तीस वर्षं पीटीचे सर होते. कॉलेजात असताना ते युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये राखीव गोलकीपर होते. तीन वर्षं. मुख्य गोलकीपरची तब्येत इतकी ठणठणीत, की त्या तीन वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही. विजयराव एक मिनिटसुद्धा मैदानात उतरले नाहीत.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"खेळला का बे?"

"नाही बाबा. लॉकडाऊन आहे."

"मग टीममध्ये आहेस कसा?"

"राखीव आहे."

तोवर क्लबला खरा गोलकीपर मिळाला होता. ओवेन नावाचा, क्लेअर काउंटीतला, म्हणजे आपल्या भाषेत लांबच्या जिल्ह्यातला. त्यामुळे संकेतला सोळा नंबर मिळाला. तिथे राखीव गोलकीपरला सोळाच देतात. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या घराण्याला बाकच."

हसतच म्हणाले. संकेतही हसला. पण फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, "एकदा तरी उतरलो पाहिजे मी. पाच मिनिटं. बाबांना दाखवायचंय." कोर्स ऑगस्टात संपणार होता आणि नास नावाच्या लांबच्या गावाजवळ एका कंपनीत त्याची नोकरी ठरत आली होती. म्हणजे हातात होता तेवढाच उन्हाळा.

* * *

हिवाळाभर प्रॅक्टिस झूमवर चालली. कॅप्टन त्याच्या खोलीतून आकडे मोजायचा आणि पंचवीस पोरं आपापल्या खोल्यांत उड्या मारायची. संकेतच्या तिसऱ्या दिवसाच्या उड्यांनी ब्रीडाच्या स्वयंपाकघरातला दिवा खाली आला.

ब्रीडा जिना चढून आली. आता घर सोडायला सांगणार, म्हणून मी मनात बॅग भरायला घेतली. ती दारात उभी राहून संकेतकडे बघत राहिली.

"कोपर आत घे," ती म्हणाली. "असा झेललास तर बॉल छातीवर आपटून बाहेर जाईल."

नंतर कळलं, ब्रीडा ऐन तारुण्यात काउंटीच्या महिला संघात खेळायची. दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस मागच्या भिंतीपाशी. ब्रीडा खिडकीतून बघायची, हातात बटाटे आणि सोलाणं. बॉल सुटला की खिडकीवर सोलाणं वाजायचं. कॉलेजच्या कोचने वर्षभरात संकेतला दोनदा मेसेज केला. ब्रीडाने रोज तासभर पिदवलं.

* * *

मॉसीचं म्हणणं होतं की सीझन नसला म्हणून काय झालं, ऑफ-सीझन असतोच. त्यामुळे दर शुक्रवारी क्लबच्या पानावर ऑफ-सीझनच्या बातम्या टाकायचं काम माझ्याकडे आलं.

बातम्या कुठून आणायच्या? पहिल्या शुक्रवारी मी लिहिलं: गोलपोस्टची जाळी काढून आत ठेवली. दुसऱ्या शुक्रवारी: गोलपोस्टला पांढरा रंग दिला. तिसऱ्या शुक्रवारी काहीच नव्हतं, म्हणून वैतागून लिहिलं: रंग वाळला.

त्या बातमीला क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त लाइक्स मिळाले. एका जुन्या खेळाडूने थेट ऑस्ट्रेलियातून लिहिलं की हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. एकाने विचारलं, किती कोट दिले? त्यावर दोन गट पडले आणि तीन दिवस वाद चालला. मी पुण्याची असून मला तो वाद मिटवता आला नाही.

दुखापतींचा रकानाही होता. कॅप्टन, पोटरीचा स्नायू, कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना. तीन आठवडे विश्रांती. मी म्हटलं, विश्रांती कशापासून? मॉसी म्हणाला, "डब्यापासून."

* * *

मार्चमध्ये मॉसीने क्लबचा इतिहास लिहायला सांगितला. इतिहास छोटाच होता. क्लब एकदाच फायनलला गेला, पन्नासेक वर्षांपूर्वी, आणि एका पॉइंटने हरला. शेवटची फ्री किक आमची होती, गोलपोस्टच्या अगदी समोर. ती बाहेर गेली.

त्या टीममधल्या पाच जणांना मी फोन केले. पाचही जणांनी वाऱ्याची दिशा सांगितली, चिखल सांगितला, रेफरीच्या मिशा सांगितल्या. किक कोणी मारली विचारलं की म्हणायचे, "कोण बरं तो, अगं तो आपला... नाव येत नाहीये." पाच जणांना सगळं आठवतं आणि नेमकं एवढंच आठवत नाही, हे मला काही झेपेना.

मग मैदानाजवळच्या शेडमधलं कपाट उघडलं. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये जुन्या मिनिट्सची वही सापडली. त्या तारखेखाली दोनच ओळी होत्या. शेवटची किक मॉसी, बाहेर. सँडविचेस चांगली होती. अक्षर मॉसीचंच होतं.

मॉसी शेडच्या दाराशी होता, मास्क लावून, नियमाप्रमाणे दोन मीटरवर. वही पाहून त्याला कळलं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि सरळ सौदा टाकला. नागपूरच्या बाकाची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "इतिहासात किकचं नाव घालत नाही. पण मॅच झालीच, तर सोळा नंबरला पाच मिनिटं उतरव."



"नाव घाल," मॉसी म्हणाला. "किक माझीच होती. आणि गोलकीपरच्या बाबतीत मी सौदे करत नाही."

मला स्वतःचीच लाज वाटली. घरी येऊन मी ते पान टाइप केलं, सँडविचेससकट.

* * *

मॅच झाली जुलैत. निर्बंध सैल झाले होते आणि शेजारच्या काउंटीतलं एक कॉलेज मैत्रीपूर्ण सामन्याला तयार झालं. शनिवार, दुपारी बारा. नागपुरात साडेचार वाजले होते.

मी साइडलाइनला फोन धरून उभी. फोनवर विजयराव काका, इस्त्रीच्या शर्टात, ताठ बसलेले. ब्रीडा घडीची खुर्ची घेऊन आली होती. यादीतलं नाव दुरुस्त करायचं आठवलं तेव्हा यादी रेफरीच्या खिशात गेलेली होती.

"मृणाल, जरा बाक दाखव," काका म्हणाले.

मी फोन फिरवला. बाकावर संकेत, सोळा नंबर, ग्लोव्हज घालून बसलेला.

"बरा आहे," काका म्हणाले. "पाठ टेकायला आहे. आमच्या वेळेस नव्हती."

पन्नास मिनिटं झाली. आम्ही अकरा पॉइंटनी मागे होतो. ओवेन ठणठणीत. मी मॉसीकडे बघत होते आणि मॉसी माझ्याकडे मुळीच बघत नव्हता. पाच मिनिटं राहिली तेव्हा तो उठला, गोलपोस्टपर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "ओवेन, बाहेर ये. तुझी आई शोधतेय तुला."

"आई क्लेअरला आहे," ओवेन म्हणाला.

"मग तुला बराच लांब जायचंय. नीघ."

संकेत उठला. ग्लोव्हज आधीच घातलेले होते, तरी तो ते परत ओढत होता. 

तीन मिनिटं बॉल आमच्याकडे फिरकलाच नाही. मग त्यांचा एक धिप्पाड गडी एकटाच सुटला, मध्ये कोणी नाही, समोर फक्त संकेत. साइडलाइनवरची सगळी पोरं ओरडायला लागली, "विजय! पुढे ये, विजय!" ब्रीडा खुर्चीवरून उठली. "कोपर, विजय!" मीही काहीतरी ओरडले आणि माझ्या हातातून फोन सुटून गवतात पालथा पडला.

त्या गड्याने जोरात मारला. संकेत पुढे झेपावला. बॉल त्याच्या कोपरालाही लागला नाही, गुडघ्याला लागला आणि उंच उडून आडव्या दांड्यावरून पलीकडे गेला. तीन पॉइंट वाचले आणि समोरच्यांना एक मिळाला. आमची पोरं मात्र कप जिंकल्यासारखी त्याच्याकडे धावली. "शाब्बास विजय! विजय! विजय!"

शिटी वाजली. मी गवतातून फोन शोधून उचलला आणि पुसला. काका उभे होते. त्यांना हिरव्या अंधाराशिवाय काही दिसलं नव्हतं. नुसतं ऐकू आलं होतं.

"मृणाल," ते म्हणाले, "तिथं माझं नाव कोणी सांगितलं?"

संकेत धापा टाकत आला होता, गुडघ्यावर चिखल. मी फोन त्याच्याकडे दिला.

"बाबा, इथल्या यादीत तुमचंच नाव आहे. वर्षभर."

 काकांच्या मागे खुर्ची होती, पण ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी विचारलं,

"मग अडवला का मी?"