खंडेनवमीचा विसावा

हॉलंडला निघाले तेव्हा सोमाटणे फाट्यावर आमचं अर्धं परंदवडी गाव जमलं होतं. गाडी सुटायच्या आधी चुलतीनं खिडकीतून डोकं आत घातलं आणि विचारलं, "फ्रिज शिकाया एवढ्या लांब चाललीस? तळेगावात फ्रिजवाला न्हाई व्हय?" सगळे खो खो हसले. आई हसली नाही. दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीच्या गणवेशातच आले होते, दुसरी पाळी बुडवायची नव्हती. म्हणाले, "रडू नगंस. आपन काय कुनाचं चोरून न्हाई चाललो." मी दम धरला आणि घाट उतरेपर्यंत एक टिपूस काढला नाही. पुढचं विचारू नका.

चुलतीचं अगदीच काही चुकलं नव्हतं. क्वांटम संगणकाची चिप नुसत्या गारव्यात चालत नाही, तिला अंतराळापेक्षाही जास्त थंडी लागते, आणि ती थंडी तयार करणाऱ्या कपाटाएवढ्या यंत्राला आम्ही त्या धंद्यातले लोक फ्रिजच म्हणतो. ते यंत्र लावायचं, बिघडलं तर उघडायचं, पुन्हा थंड करायचं, यात माझी दहा वर्षं गेली. सायकल शिकले, वेळेच्या आधी पोचायला शिकले, दुपारी थंड ब्रेड खायला शिकले. गावाकडं फोन केला की आई विचारायची, "तितं आपलं कोन हाय का गं?" मी म्हणायची, आहेत की खूप. साफ खोटं!

मग राज्य सरकारनं क्वांटम संशोधनासाठी निधी काढला. आधी प्रयोगशाळा, मग तिच्या आजूबाजूला कारखाने, असा बेत. आमच्याच मावळात, वराळ्याजवळच्या एका जुन्या शेडमध्ये केंद्र उभं राहणार होतं आणि त्यांना थंडी सांभाळणारं माणूस हवं होतं. मी अर्ज केला. तिकडचे साहेब म्हणाले, तिथं तुला माणसं कुठून मिळणार? आणि तिकडच्या माझ्या मराठी मित्रांनो, तुम्हीही तेच म्हणालात, फक्त जरा हसत हसत. मनात म्हटलं, गेले उडत सगळे.

माणसं मी मावळातलीच घेतली. त्यांत सगळ्यांत मोठे बाळूभाऊ, अर्धं आयुष्य पत्रा दाबायच्या प्रेसवर गेलेलं. हाताला शिस्त होती आणि कानाला मशीनचा आवाज कळत होता. बाकीचं मी शिकवलं.

आता ऐका काय झालं ते. सरकारची समिती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होती. यंत्र थंड दिसलं तर पुढच्या टप्प्याचा निधी, नाहीतर केंद्र उचलून दुसरीकडं. सगळी तयारी करून मी दोन दिवस घरी गेले. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून हत्यारं-यंत्रं थांबवून पुजायची खंडेनवमी आमच्या घरी नाही. आमचा दसरा म्हणजे पांढऱ्या साड्या, विहारात वंदना आणि मग खीर. निघताना मी बाळूभाऊंना शंभर गोष्टी बजावल्या. खंडेनवमीला यंत्र बंद करू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी परत आले तर शेडच्या दाराला झेंडूचं तोरण. आतून एरवी रात्रंदिवस येणारा कंप्रेसरचा धप् धप् आवाज नाही. यंत्र लख्ख पुसलेलं, त्याला हळदीकुंकू, हार, आणि आत सगळं गरम!

बाळूभाऊ कौतुकानं म्हणाले, "मॅडम, वरीसभर राबतंय बिचारं. सणाचं दोन दिस इसावा नगं व्हय त्याला? पूजा झाली, आता करा की चालू."

मी ओरडले. लय ओरडले. पुन्हा थंड व्हायला कित्येक दिवस लागतात, हे कळल्यावर त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. बघितलं तर बंद मात्र त्यांनी मी शिकवल्याप्रमाणेच केलं होतं. आतला महागडा वायू आधी टाकीत घेतलेला, मगच कंप्रेसर थांबवलेला. कशालाही धक्का लागलेला नव्हता.

थोड्याच वेळात समिती आली. अध्यक्षांनी हार बघितला, माझ्याकडं बघितलं. "कुणी केलं हे?" बाळूभाऊ पुढं सरकले. मी त्यांच्या आडवी उभी राहिले.

"यंत्र माझ्या ताब्यात आहे. काय लिहायचं ते माझ्या नावानं लिहा."

अध्यक्ष म्हणाले, "इथल्या माणसांचं काम नाही हे. बाहेरची प्रशिक्षित माणसं आणा, मग निधीचं बघू."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, हॉलंडमध्ये एकानं झडप उघडी ठेवली म्हणून आमचं यंत्र असंच गरम झालं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे हॉलंडवाल्यांचं काम नाही. पुढच्या आठवड्यात या. यंत्र थंड असेल, आणि थंड केलेलं याच माणसांनी असेल. ही माणसं गेली तर मीही जाते."

अध्यक्षांनी वहीत पुढच्या आठवड्याची तारीख लिहिली आणि ते निघाले.

समिती आली पुढच्या आठवड्यात. यंत्र थंड होतं. बाळूभाऊंनी आकडे दाखवले, घसा साफ करत, पण दाखवले. निधी मंजूर झाला, माणसं आहेत तीच राहिली.

मित्रांनो, मग तुमचे मेसेज आले, वेडी आहेस, एका मेकॅनिकसाठी सगळं पणाला लावलंस? हो, लावलं. तिकडं दहा वर्षं मी जपून जपून वागले, कारण माझा हात चुकला असता तर चूक माझी एकटीची धरली गेली नसती, साऱ्या देशाची झाली असती. इकडं लहानाची मोठी झाले तेव्हा तीच चूक आमच्या अख्ख्या वस्तीची झाली असती. मला आता असं ठिकाण हवंय जिथं बाळूभाऊ चुकले तर फक्त बाळूभाऊ चुकले, आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर येतात. त्यालाच मी घर म्हणते. ते कुणी आयतं देत नाही, त्यासाठी भांडावं लागतं. मी हितंच हाय, भांडतेय. तुम्ही कधी येताय?