बिलातला लहान आकडा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एक मोठा, सगळ्या बाकीचा, आणि एक लहान, निदान एवढं तरी भरा असा. मी चार वर्षं दर महिन्याला लहान आकडा भरत होतो, तोही तारखेच्या दोन दिवस आधी, आणि स्वतःला मोठा शिस्तीचा माणूस समजत होतो. मोठ्या आकड्याकडे मी बघायचोच नाही.

मी भिलाईच्या स्टील प्लांटात क्रेन चालवतो. बाबाही तिथलेच. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून ते इकडे आले, ब्लास्ट फर्नेसवर नोकरी काढली आणि तिथल्या आवाजात एक कान गमावून निवृत्त झाले. भिलाईतल्याच मरोद्याच्या घरात आम्ही तिघं. बाबा, मी आणि माझी बायको. ती घरीच शाळांचे गणवेश शिवते. कार्डावर मी आधी टीव्ही घेतला, मग सोफा. नंतर कर्ज काढून गाडी घेतली. प्लांट सायकलच्या अंतरावर, त्यामुळे ती गाडी मी चालवली कमी आणि धुतली जास्त. हप्ते जड जायला लागले तेव्हा मोबाइलमधल्या एका ॲपवरून कर्ज घेतलं, ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून. याची टोपी त्याच्या डोक्यावर. घरात कुणाला पत्ता नव्हता.

एका सकाळी बाबांचा फोन वाजला. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मी घरीच. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. पलीकडून एका तरुणानं हिंदीत दरडावून विचारलं की तुमचा मुलगा आमच्या ॲपचे पैसे कधी भरणार.

"हां बेटा," बाबा मोठ्यानं म्हणाले, "सुबह सुबह काम पर लग गए, कुछ खाया कि नहीं? घर आ जाओ, बहू फरा बना रही है. बैठ के बात करेंगे."

पलीकडचा आवाज एकदम नरम झाला. "बाबूजी, बस उनको बोल दीजिए," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी गाडी धुवायची बादली हातात घेऊन दारात उभा.

"कितीचे हायेत?" बाबांनी विचारलं.

"थोडेसेच."

"थोड्यासाठी कोनी बुढ्याले फोन नाही करत."

बायकोनं फऱ्याच्या, म्हणजे तांदळाच्या मुटक्यांच्या, भांड्याखालचा गॅस बंद केला. "मले कावून नाही सांगितलं?"

"तुले टेन्शन नको म्हणून."

"मंग हे आता काय होय?"

ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं मला सगळे कागद आणि मोबाइल घेऊन बसवलं आणि एकेक गोष्ट विचारत गेली. व्याज किती? मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं काय भरलं? लहान आकडा. तिनं बिल वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तं बहुतेक व्याजातच गेलं. म्हंजे ज्याच्यावर आपन बसून राहिलो तो सोफा अजून आपला नाही?"

बाबा सोफ्यावरून चटकन उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. त्यावर बायकोला हसू फुटलं, मग मलाही. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत मी घरात इतका मोकळा हसलो नव्हतो.

बाबा म्हणाले, "माही एफडी मोडून टाक."

"नाही, मामाजी," बायको सासऱ्यांना म्हणाली. "तो तुमच्या औषधपान्याचा पैसा होय. त्याले हात नाही लावायचा."

मी भीत भीत सुचवलं की प्लांटात एक जण सहा महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणतात. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य अर्धंच गिळलं.

गाडी विकायचं ठरलं. भिलाई-3 मधले एक रेल्वेतले गार्ड, मूळ नागपूरकडचे, बायकामुलांसह बघायला आले. बायकोनं चहा दिला आणि मी डोळ्यांनी खुणावत असतानाही सांगून टाकलं, "डावी काच मधीच अडकते बरं का, भाऊ."

मला वाटलं, सौदा गेला. गार्डसाहेब मात्र खूश. "आतापर्यंत चार गाड्या पाह्यल्या. कोनीच खोट नाही सांगितली. हेच घेतो."

त्या पैशातून गाडीचं कर्ज मिटलं आणि दोन्ही ॲपंही. कार्डाचं उरलं. ते मी प्लांटच्या कामगारांच्या पतसंस्थेतून कमी व्याजाचं कर्ज काढून एकदमच फेडलं. संस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जाणार होता, म्हणजे माझ्या शिस्तीवर काही अवलंबून नव्हतं. घरी आल्यावर बायकोनं तिची शिवणकामाची कात्री काढली. त्या कात्रीनं ती कुणाला साधा कागद कापू देत नाही, धार जाते म्हणून. तिनं कार्डाचे चार तुकडे केले.

मी सायकलनं ड्यूटीला जाऊ लागलो. गेटवर थट्टा व्हायची. कोणी विचारायचं, डॉक्टरनं सांगितलं काय? पहिले काही दिवस मी हो म्हणालो. मग एकदा कँटीनमध्ये खरं काय ते सांगून टाकलं. तेव्हा माझ्या शिफ्टमधला जोडीदार, जो सगळ्यांत जास्त थट्टा करायचा, हळूच म्हणाला, "यार, मी पन मिनिममच भरून राहिलो." त्याच आठवड्यात मी त्याला घेऊन पतसंस्थेत गेलो. त्याच्या बायकोलाही सोबत घेतलं. ती अट मीच घातली.

तीन वर्षांनी पतसंस्थेचा शेवटचा हप्ता कापला गेला. बायकोनं मधल्या काळात दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकलं होतं, मोटरवाल्या शिलाई मशीनसाठी. आम्ही शेजारच्या दुर्गला गेलो. दुकानदारानं सवयीनं हप्त्याचा कागद पुढे सरकवला. तिनं तो तितक्याच सहज परत सरकवला.

"भैया, नगद में कितना छोड़ोगे?"

अर्धा तास घासाघीस झाली. मशीन तर स्वस्त पडलंच, वर दोऱ्याच्या रिळांचा एक डबा फुकट मिळाला. मशीन ऑटोत पायांशी ठेवलं आणि मोहन नगरावरून घराकडे निघालो. सबंध रस्ताभर ती डबा उघडून रिळांचे रंग बघत होती, आणि मी तिच्याकडे.