गाळलेला पाव

कागदावरच्या प्रत्येक शब्दाला कोणीतरी जबाबदार असते, या मताचा मी आहे. या मतापायी मी आयुष्यभर कारकुनांशी, पोस्टाशी, रेल्वेशी आणि एकदा प्रत्यक्ष व्याह्यांशीही लेखी भांडलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु आमच्या गल्लीतील भट्टी पुन्हा सुरू झाली त्या प्रकरणात मी ज्या आवेशाने पत्रे लिहिली, तो आवेश आठवला की आजही माझा मलाच संकोच वाटतो, आणि लगेच हसूही येते.

ही भट्टी पावाची होती. चालवणारे गृहस्थ मूळचे नवापूरकडच्या डोंगरातले, ख्रिस्ती झालेल्या शेतकरी घरातले. तरुणपणी एका मिशनच्या बंगल्यावर ते पाव भाजायला शिकले आणि पुढे बायकोसह आमच्या गल्लीच्या टोकाला, एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी विटांची घुमटाकार भट्टी बांधली. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांचा पाव रेल्वेचे लोक आणि दवाखाना नेई. आमच्या घरांत तो सहसा येत नसे. मात्र दसरा उलटला की गल्लीतल्या बायका रवा, तूप, साखर घेऊन तिथे जात, तिथेच बसून नानकटाईचे पीठ मळत, आपापल्या पराती लावत आणि बाबा लांब दांड्याच्या फावड्याने त्या आत सरकवत. आपला रवा, आपले तूप, आपली परात. बाबांचा फक्त विस्तव, आणि विस्तवाला जात कसली, असा निवाडा बायकांनी कोणत्याही शास्त्र्याला न विचारता दिला होता. मला तो निवाडा आजही निर्दोष वाटतो.

युद्धाच्या काळात मैदा मिळेनासा झाला आणि भट्टी थंड पडली. बाबा लाकडाच्या वखारीत मजुरीला जाऊ लागले. युद्ध संपल्याची बातमी आली त्या पावसाळ्यात मैद्याची आशा दिसू लागली, परंतु तोवर परवाना बाद झाला होता. शेडच्या मालकाने तर स्वच्छ सांगितले की दिवाळीपर्यंत विस्तव पेटला नाही, तर भट्टी पाडून तो तिथे मिरचीची पोती रचणार. बाबांना परत डोंगरात भावांच्या शेतावर जाणे एवढाच मार्ग उरत होता, आणि त्या शेताला तिघा भावांचीच पोटे जड झाली होती.

तेव्हा मी कचेरीच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. बाबा आले आणि समोर उकिडवे बसले.

"इतलंच लिखा, दादा," ते म्हणाले. "आठे पावनी भट्टी व्हती, ती परत चालू करनी शे."

अर्जातला फापटपसारा छाटणे हे माझ्या लेखणीचे भूषण मानले जाई. ज्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत त्या लिहून कागद मळवू नये, असा माझा दंडक. गल्लीचे नाव आले म्हणजे कसली भट्टी हे उघडच आहे, असे मी गृहीत धरले आणि वळणदार अक्षरात लिहिले: 'अर्जदार आपली बंद पडलेली भट्टी पूर्ववत चालू करू इच्छितो.' बाबांनी अंगठा दिला.

तीन आठवडे उत्तर आले नाही. मग एके सकाळी परवान्याऐवजी अबकारी खात्याचा इन्स्पेक्टर दोन शिपायांसह गल्लीत हजर झाला. हा अधिकारी देशावरचा, नुकताच बदलून आलेला. त्याने भट्टीच्या तोंडात काठी फिरवली, राख हुंगली आणि कोपऱ्यात फडक्याने झाकलेली एक बरणी उघडली. परवाना येणारच या भरवशावर बाबांच्या बायकोने पावाचे आंबवण आठवडाभर आधीपासून जिवंत ठेवले होते. बरणीतून आंबूस भपकारा आला.

"हे काय आंबत घातलंय?" त्याने विचारले.

"पाव शे," ती म्हणाली.

"पाव भाजतात. आंबवतात ते काय, ते मला ठाऊक आहे."

बरणी मुद्देमाल म्हणून जप्त झाली आणि भट्टीच्या तोंडावर फळी ठोकून तिला लाखेचे सील लागले.

मी पेटलो. दुसऱ्याच दिवशी कचेरीला पहिले पत्र गेले आणि दसऱ्यापर्यंत नऊ गेली. डोंगरातला माणूस आणि भट्टी एवढे दिसताच दारू गृहीत धरणारी बुद्धी कोणत्या शाळेत शिकवतात, असा जाहीर प्रश्न मी विचारला. अर्ज न वाचता दुसऱ्या खात्याकडे धाडणाऱ्या कारकुनाचे नाव कळवावे, अशी मागणी केली. एका पत्रात तर मी त्याच्या साक्षरतेचा पुरावा मागितला. ही पत्रे मी बाबांना वाचून दाखवी. ते मान हलवत आणि मग हळूच विचारत की दिवाळीला किती दिवस राहिले.

उत्तर येत नाही हे पाहून मी स्वतः कचेरीत गेलो आणि तो अर्ज सर्वांसमक्ष वाचला जावा, असा आग्रह धरला. कारकून आमच्याच भागातला, विशीतला होता. त्याने माझी नऊ पत्रे नीट दोऱ्याने बांधून ठेवली होती. त्यांखालचा अर्ज काढून त्याने माझ्यापुढे ठेवला आणि कचेरीची मराठी बाजूला ठेवून म्हणाला, "बापू, हाई अक्षर तुम्हनंच शे ना?"

मी वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. पाव कुठेच नव्हता. आमच्या मुलखात नुसती भट्टी म्हटले की ती मोहाच्या दारूची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून मी लिहिले होते 'पूर्ववत'. कायद्याच्या दृष्टीने तो बाबांचा कबुलीजबाब झाला होता, आणि तो मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात काढून दिला होता. पाव गाळला मी, आणि दारू गाळल्याचा आळ आला बाबांवर. संशय इतक्या चटकन डोंगरातल्या माणसावरच का जातो, हा माझा प्रश्न तरीही बरोबर होता व आहे. पण तो विचारण्याचा अधिकार त्या दिवशी माझ्याकडे नव्हता.

मी त्या मुलाची क्षमा मागितली, लेखी. मग बाबांकडे जाऊन सगळे सांगितले.  त्यांची बायको सुपातले दाणे पाखडता पाखडता थांबली.

"म्हणजे आम्हना पाव तुम्हीच खाई ग्यात, दादा."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला बसायला पाट मिळाला आणि चहाही मिळाला. तो मी तिथेच प्यालो.

दहावे पत्र चार ओळींचे होते. त्यात चूक अर्ज लिहिणाराची असल्याचे नमूद करून मी एवढेच मागितले की सील पंचांसमक्ष उघडावे, भट्टी तिथेच पेटवावी आणि आतून काय निघते याचा पंचनामा करावा. इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो आला.

बाबांनी पहाटेच लाकडे रचून ठेवली होती. फळी निघाली, विस्तव पेटला, दोन तासांनी निखारे बाजूला ओढून ओल्या पोत्याने आतली जमीन पुसली गेली. तोवर गल्लीतल्या बायका पराती घेऊन रांगेत उभ्या होत्या. पंच म्हणून त्यांच्यातल्याच दोघींची नावे घ्यावीत, असे मी सुचवले. इन्स्पेक्टरने भुवया उंचावल्या, पण घेतली. पहिली परात बाहेर आली तेव्हा वेलदोड्याचा वास पार रस्त्यापर्यंत गेला. पुरावा तपासणे भाग असल्याने इन्स्पेक्टरने एक नानकटाई खाल्ली, खात्री होईना म्हणून दुसरी खाल्ली, आणि एक शिपायांना देववली. पंचनाम्यात ओळ पडली: 'सदर भट्टीतून नानकटाई निघाली, अन्य काही निघाले नाही.' इतके समर्पक वाक्य माझ्या हातून कधी लिहिले गेले नाही. परवाना दुसऱ्या दिवशी आला. शेडच्या मालकाने तो दोनदा वाचला आणि मिरचीसाठी दुसरी जागा पाहिली.

पंचनाम्याच्या त्या दिवशी आमच्या घरची परातही माझ्याच हाती होती, कारण पत्नी पंच होती. मी चौथा असूनही बाबांच्या बायकोने मला सगळ्यात शेवटी पाठवले. रांगेचा क्रम हा नियम आहे, अशी हरकत मी घेतली. तिने ती ऐकली आणि मागे बोट दाखवले. मी मागे जाऊन उभा राहिलो. आत निखाऱ्यांच्या उजेडात बाबांचा चेहरा लाल दिसत होता, पराती जात होत्या, येत होत्या. माझा नंबर लागायला दुपार झाली, आणि खरे सांगायचे तर मला मुळीच घाई नव्हती.