खिशातला गार्ड

शिलाईच्या त्या कारखान्यात साठ मशीन होत्या आणि त्या साठांना मिळून एक मेकॅनिक. मशीन बिघडली की तो आधी तिला कान लावायचा आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर काढायचा, म्हणून बायकांनी त्याचं नाव 'डॉक्टर' ठेवलं होतं. "डॉक्टर, माझी मशीन खोकतेय," अशी हाक आली की हा तेलाची बुधली घेऊन निघायचा. बावीस वर्षं हेच चाललं होतं. रविवारी बायकोबरोबर उपासनेला जाणं आणि जेवणाआधी डोळे मिटून प्रभूचे आभार मानणंही तितकंच नेमाने चालायचं. आपण सरळ माणूस आहोत याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती.

ती आली एका मंगळवारी, चहाच्या सुट्टीनंतर.

खिडकीजवळच्या मशीनवर कॉलर शिवणारी एक तरुण बाई होती. तोंडाला खळ नाही म्हणून सगळे तिला 'रेडिओ' म्हणत. त्या दिवशी तिचा दोरा सारखा तुटत होता. डॉक्टरने सुईपुढचा गार्ड काढला. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून बसवलेली, बाजूला सरकवता येणारी ती तारेची लहानशी कडी. सुई बदलली, दोरा ओवून दिला. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून सुपरवायझरची हाक आली, तिकडे दोन मशीन एकदम बंद पडल्या होत्या. डॉक्टर तसाच धावला. गार्ड त्याच्या ॲप्रनच्या खिशात राहिला.

पाव तासाने किंकाळी ऐकू आली. सुई रेडिओच्या उजव्या तर्जनीतून आरपार जाऊन सांध्यातच मोडली होती. बायकांनी बोटाला रुमाल गुंडाळला आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सगळ्यांच्या नजरा दाराकडे होत्या. डॉक्टरचा हात खिशात गेला आणि त्याची पाचावर धारण बसली. त्याने गार्ड बाहेर काढला, जागेवर बसवला, स्क्रू आवळला. बावीस वर्षांच्या सवयीचे हात, काम अर्ध्या मिनिटात झालं.

मॅनेजरने येऊन विचारलं, गार्ड होता का? "हा काय, बघा ना साहेब," डॉक्टर म्हणाला. एवढंच. बोलण्याच्या नादात बाईनेच तो बाजूला सरकवला असणार, असं मॅनेजरने ठरवलं आणि तसंच कागदावर उतरलं.

दीड महिन्याने रेडिओ आली ती आपली कात्री आणि डबा घेऊन जायला. बोट वाकत नव्हतं, कॉलर शिवणं आता जमणार नव्हतं, आणि निष्काळजी म्हणून शिक्का बसलेल्या बाईला दुसरं काम द्यायला कारखाना तयार नव्हता. जाताना ती डॉक्टरपाशी थांबली.

"माझी बडबडच नडली बघा," ती म्हणाली. "गार्ड कधी सरकवला ते मला आठवतसुद्धा नाही. उगाच तुमच्या मशीनचं नाव खराब झालं."

"असू दे, जप स्वतःला," डॉक्टर म्हणाला. ते शब्द आपल्याच तोंडून आले यावर त्याचा पुढे कितीतरी दिवस विश्वास बसला नाही.

त्यानंतर त्याचं मन त्याला खाऊ लागलं. जेवणाआधी डोळे मिटले की मोडलेली सुई दिसायची. प्रार्थनेचे पाठ असलेले शब्द अर्ध्यावर अडायचे, मग तो नुसतेच ओठ हलवायचा. प्रभुभोजनाची भाकर वाटायच्या रविवारी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जायचा आणि सगळं आटोपेपर्यंत चपलांजवळ उभा राहायचा. बायकोने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने पित्तावर ढकललं. तिने मुकाट्याने त्याचं तिखट कमी केलं, आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका दुपारी कारखान्यातली वीज गेली, सगळ्यांना लवकर सोडलं. घरी जायचं धाडस होईना म्हणून तो रस्त्यांतून भटकत राहिला आणि शेवटी रविवारी उपासना होते त्या देवळात शिरला. आत झाडणारी म्हातारी तेवढी होती. ती त्याच्या बाकापाशी आली, "पाय वर घ्या" म्हणाली, झाडून पुढे सरकली. तिच्या लेखी तो एक अडथळा होता. का कोण जाणे, त्याला त्याचं बरं वाटलं. समोरच्या क्रुसाकडे बघत तो पुटपुटला, "गार्ड माझ्या खिशात होता." आजवर हे त्याने स्वतःशीसुद्धा शब्दांत म्हटलं नव्हतं. मग सगळंच बाहेर पडलं. आभार नाहीत, विनवणी नाही, नुसतं काय घडलं ते, पहिल्यापासून. बोलता बोलता त्याला जाणवलं, ज्याला आपण हे सांगतोय त्याला ते त्या मंगळवारपासूनच ठाऊक आहे, आणि तरीही त्याने आपल्याला दाराबाहेर काढलेलं नाही. डॉक्टर ओंजळीत तोंड लपवून रडला. उठला तेव्हा अपराध होता तेवढाच होता, पण तो घेऊन कुठे जायचं हे आता कळलं होतं.

तो तडक रेडिओच्या घरी गेला. ती डाव्या हाताने भाजी चिरत होती, तिची आई शेजारी बसली होती. त्याने उभ्यानेच सांगितलं. रेडिओने सुरी खाली ठेवली.

"चार महिने मी स्वतःला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "पोरीला जवळ घेतानासुद्धा. ते दिवस मला कोण परत देणार?"

आईने त्याला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरला सगळं लिहून दिलं. मशीनची जबाबदारी त्याच्याकडून गेली, नव्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करायची पाळी आली. रेडिओच्या नावावरचा ठपका पुसला गेला आणि तिला तपासणीच्या टेबलावर परत बोलावलं. ती येते, सगळ्यांशी बोलते. डॉक्टर जवळून गेला की बोलायची थांबते. तो तिला दोष देत नाही.

बायकोला त्याने त्याच आठवड्यात सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पान वाढताना तिने विचारलं, "आता बरं वाटतंय का?"

"बरं नाही वाटत," तो म्हणाला. "पण प्रभूकडे मागता येतं. आधी तेही येत नव्हतं."

तिने डोळे मिटले. त्यानेही मिटले, आणि आधी रेडिओसाठी मागितलं.