जावयाची मान

माझा जावई फुटबॉल खेळायचा. हौस म्हणून नाही, पोटासाठी. मुलगी त्याला पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा मी शिलाई मशीनवरून उठलेसुद्धा नाही. बसल्या जागेवरून विचारलं, "मैदानात तुम्ही नेमकं करता काय?"

"मधल्या फळीत असतो. बॉल घेतो आणि पुढे देतो."

"आणि गोल?"

"गोल दुसरे करतात."

"मग एवढं तर पोस्टमनही करतो की!"

तो हसला. मुलीने माझ्याकडे डोळे वटारले. पण मला खटकलं ते वेगळंच. मी चहाचा कप पुढे केला, तर घेण्याआधी त्याने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या. मागे नुसती भिंत! म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. याच्या मागे कोणीतरी लागलंय खास.

"अगं आई, बॉल पायाशी यायच्या आधी मागे कोण आहे ते बघून ठेवावं लागतं त्यांना," मुलीने नंतर समजावलं. "लहानपणापासूनची सवय आहे. हाडात मुरलीय."

असेल बाई. लग्न झालं. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायची, मनात 'तो'. जावई हा दहावा ग्रह, असं जुनी माणसं उगाच म्हणत नाहीत.

तशी त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, आणि मला तेच पटत नव्हतं. पेपरात गोल करणाऱ्याचा फोटो यायचा, आणि कडेला याचा अर्धा खांदा. पण कधी कुरकुर नाही. गुडघा गेला, खेळ सुटला, तरी आदळआपट नाही. क्लबने लहान मुलींना शिकवायला ठेवलं तर हसत गेला. तिथेही याचा एकच मंत्र, "आधी मागे बघ, मग बॉल घे." मुलींनी नावच ठेवलं, 'मागे-बघ सर'. इतका सरळ माणूस असतो का कुठे?

मग गेल्या वर्षी याचे रंग दिसायला लागले.

आधी स्कूटर बंद झाली. म्हणे क्लच बिघडलाय. संध्याकाळी पायी येणार, उशिरा येणार. मी गुपचूप स्कूटर मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "काकू, क्लच ठणठणीत आहे. कोणी सांगितलं तुम्हाला?" मग दंडावर काळानिळा डाग. दाराची चौकट लागली म्हणे. चौकट! त्या चौकटीच्या हातात बांगड्या होत्या का, ते मला विचारायचं होतं.

आणि एक दिवस मुलगी माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन रडायलाच लागली. "आई, आज बाजारात हे माझ्या अगदी बाजूने गेले. मी हात केला. ओळखसुद्धा दाखवली नाही."

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायकोला भर बाजारात टाळतो म्हणजे दुसरी कोणीतरी आहे, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? माझ्या पोरीचा संसार असा डोळ्यांदेखत बुडू द्यायला मी काही मेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि तडक मैदान गाठलं.

दारातला रखवालदार जुना. कौतुकाने म्हणाला, "बघा, बघा तुमचे जावई! घुबडासारखी मान फिरतेय. खेळणं सुटलं, पण सवय गेली नाही. उलट वाढलीच!"

वाढली होती खरी. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. कोणाची वाट बघतोय हा? मी सरळ मैदानात शिरले आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले. हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर. म्हटलं, बघू काय सोंग करतो.

तो समोर खेळणाऱ्या मुलींकडे बघत राहिला, माझी दखलच घेतली नाही.

तेवढ्यात पलीकडून एका मुलीने "सर!" म्हणत बॉल ढकलला. सावकाश, घरंगळत. लहान पोरानेही अडवला असता. बॉल माझ्यासमोरून गेला आणि त्याच्या पायावर आपटला, तेव्हा तो केवढ्यानं दचकला! गर्रकन वळला आणि माझ्यावरच धडकला.

"आई? तुम्ही कधी आलात?"

भांडायला तोंड उघडलं होतं मी. पण आधी त्याचा चेहरा बघितला. लबाडी मी ओळखते, आयुष्यभर गिऱ्हाइकं सांभाळलीत. ही लबाडी नव्हती. माणूस घाबरला होता.

"आत्ताच आले," मी म्हटलं. "स्कूटरचं खरं काय ते सांगा."

त्याने मान खाली घातली. "अंधारात नीट दिसत नाही. चाळिशी लागली असेल. सांगायची लाज वाटली."

मी त्याला आणि मुलीला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी बराच वेळ चालली. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर जवळजवळ गेलेली, समोरची तेवढी शाबूत. डॉक्टर म्हणाले, "दुसरा कोणी असता तर केव्हाच ठेचकाळून माझ्याकडे आला असता. यांना मान फिरवायची सवय. जे दिसत नव्हतं, ते मान वळवून बघत गेले. यांना स्वतःलाच कळलं नाही."

सगळे त्या मानेचं कौतुक करत राहिले आणि मी संशय घेत राहिले. डोळ्यांत काही झालं असेल, हे एकालाही सुचलं नाही. त्यालाही नाही.

त्याने एकच विचारलं, "मुलींना शिकवता येईल ना?"

"येईल. थेंब रोज घालावे लागतील. उरलंय ते टिकवू. गेलं ते परत येणार नाही."

बाहेर बाकावर मुलगी हमसून हमसून रडत होती, आणि हा बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत तिलाच धीर देत होता. मला इतका संताप आला! "अहो, मला वाटलं तुमची दुसरी बाई आहे," मी ओरडलेच. रांगेतले सगळे बघायला लागले. "बाई असती तर झिंज्या धरून तिला हाकललं असतं आणि तुम्हाला कान धरून घरी आणलं असतं. आता मी कोणाच्या झिंज्या धरू?"